गोव्यात उन्हाळा आला की विहीर बिघडते? ती कधी बिघडते ते आधी बघा

शिगमा सरला की गोव्यात एक ठरलेली तक्रार सुरू होते: विहीर बिघडली. नेमकं काय झालं म्हणून विचारलं, तर कुणाचं पाणी तळाला गेलेलं असतं, कुणाचं खारं झालेलं असतं, कुणाच्या बादलीला तांबडा थर धरलेला असतो. तक्रारी वेगवेगळ्या, पण पंपवाल्याचा सल्ला सगळ्यांना एकच: ‘‘आणखी खाली जा, नाहीतर बोअर मारा.’’ एवढ्यात जून उजाडतो, विहीर काठोकाठ भरते, विषय मागे पडतो. पुढच्या मार्चात पुन्हा तेच.

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस जिथे पडतो तिथे असं का व्हावं, याचं उत्तर पायाखाली आहे. वर जांभा. त्याला आरपार भोकं आणि नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्यामुळे पाणी त्यातून झरझर उतरतं. या जांभ्याची सपाट माथ्याची पठारं म्हणजे सडे. जांभ्याखाली शेडी, म्हणजे ती पांढरी-गुलाबी-पिवळी चिकट माती. तिच्यात पाणी शिरायला वेळ लागतो आणि सुटायला त्याहून जास्त. मग वरून आलेलं पाणी शेडीच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. आपण सहलीला जातो ते केसरवालचे, पोंबुर्प्याचे झर म्हणजे कुणाच्या तरी सड्याखालून निघून चाललेलं पाणीच. शेडीच्याही खाली फिलाइट, ग्रेवॅक, नाइस असे कठीण खडक. त्यांत पाणी असतं ते फक्त भेगांमध्ये. आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्याला लागून वाळूचा पट्टा, त्याचा कारभार आणखी वेगळा.

त्यामुळे एकच ‘विहीर बिघडली’ चार ठिकाणी चार कारणांनी होते आणि एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. कारण ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. पाणी वर्षाच्या कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि कुठल्या तिथीला बिघडतं एवढं कळलं की निम्म्याहून अधिक काम झालं.

आधी पंधरा दिवस मोजणी

कापडी किंवा स्टीलचा टेप घ्या. टोकाला एखादं जुनं कुलूप बांधा. शेवटच्या मीटरभर भागाला कोरडा खडू घासा आणि विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करून नेहमी तिथूनच टेप सोडा. कुलूप पाण्यात बुडल्याचं हाताला कळतं. तिथे कठड्याशी टेपवरचा आकडा वाचा, मग टेप वर ओढा: खडू जिथवर ओला झालाय तेवढी लांबी त्यातून वजा केली की पाणी किती खोल आहे ते सेंटीमीटरपर्यंत नेमकं मिळतं. अंधाऱ्या विहिरीत डोळ्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा हे कधीही भरवशाचं.

मोजायचं दोनदा: पहाटे पंप लावण्याआधी आणि रात्री सगळा वापर संपल्यावर. आकडे लिहायला वही लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात लिहा. तिथी तिथेच छापलेली असते, ती पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट पेनासारखा टीडीएस मीटर. काही शे रुपयांत मिळतो. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. जांभ्यातल्या चांगल्या विहिरीचा आकडा सहसा दोनशेच्या आत असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, म्हणजे नुसतं एक टक्का समुद्राचं पाणी मिसळलं तरी आकडा साडेतीनशेने चढतो. शंभरवरून साडेचारशेवर गेलेला आकडा जिभेला कदाचित कळणारही नाही, पण तो पुढे काय होणार ते सांगून गेलेला असतो.

तिसरी मोजणी एकदाच करायची. पंप लावून विहीर मीटरभर उतरवा, पंप बंद करा आणि तासाभरात पाणी किती वर येतं ते बघा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ७० लिटर पाणी. तासात २० सेंटीमीटर चढलं, तर तुमच्या विहिरीची आवक तासाला १,४०० लिटर. एक अश्वशक्तीचा घरगुती पंप तासाला सहज पाच-सहा हजार लिटर उपसतो. पंप विहिरीपेक्षा किती पट दांडगा आहे हे एकदा कळलं की बऱ्याच भानगडी आपोआप उलगडतात.

सकाळी गोड, संध्याकाळी मचूळ

ही तक्रार मोरजी, हरमल, कांदोळी, कोलवा, बाणावली अशा वाळूच्या पट्ट्यातली. पहाटे मीटर तीनशे दाखवतो, बागेला पाणी सोडून झालं की सहाशे-सातशे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली. असं होत असेल तर खारं पाणी बाजूने आलेलं नसतं. ते खालून वर चढलेलं असतं.

किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. खारं पाणी जड, गोडं हलकं. त्यांच्या घनतेत फरक थोडाच, १.०२५ आणि १, पण त्याच थोड्या फरकामुळे हिशेब चाळीसपट होतो: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली ते सुमारे ४० मीटर खोलवर टिकतं. डच बॅडन घिबेन आणि जर्मन हर्त्सबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला हा हिशेब शंभराहून अधिक वर्षं जुना आहे आणि किनाऱ्यावरच्या विहिरींना आजही तोच लागू पडतो.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची. वरची पातळी दहा सेंटीमीटरने कायमची उतरली, तर खालची खारी सीमा चार मीटर वर सरकायला बघते. तासाभराच्या उपशाने ती लगेच तेवढी चढत नाही, वेळ लागतो. पण डिसेंबरपासून मेपर्यंत रोज तेच चाललं तर वेळ भरपूर मिळतो. हंगामात शेजारी गेस्ट हाउस, पलीकडे तरणतलाव, त्यापलीकडच्या भाटातून (माडांच्या बागेतून) टँकर भरले जाताहेत, आणि हे सगळे त्याच सायीतून ओढताहेत. तुमचा उपसा कमी असला तरी पातळी सगळ्यांची मिळून उतरते.

आता ‘आणखी खाली जा’ हा सल्ला इथे लावून बघा. खाली गेलं की आपण खाऱ्या पाण्याच्याच जवळ जातो. वाळूच्या पट्ट्यात विहीर खोल करणं म्हणजे पैसे देऊन मीठ विकत घेणं आहे.

करायचं ते याच्या उलट. उपसा वरवरून आणि संथ ठेवा. काठावर पंप असेल तर सक्शन पाइपचं शेवटचं टोक लवचीक होजचं करा, फूटव्हॉल्व्हजवळ (पाइपच्या टोकाच्या झडपेजवळ) वीस लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधा, म्हणजे फूटव्हॉल्व्ह पाण्याच्या पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर तरंगत राहतो आणि पाण्याबरोबर वरखाली होतो. पाणबुडी पंप असेल तर तो तळावर टेकवून ठेवू नका; पूर्ण बुडेल एवढा खाली, पण तळापासून जमेल तितका वर टांगा. पंप लहान घ्या. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दिवसातून चार वेळा थोडा थोडा चालवणं हे मोठा पंप एकदा तासभर चालवण्यापेक्षा केव्हाही बरं. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला पावणेसातशे लिटर लागतात, म्हणजे तीन मीटरच्या विहिरीत जेमतेम दहा सेंटीमीटर. घर विहीर बिघडवत नाही. लॉन बिघडवतं.

माड मचूळ पाणी बऱ्यापैकी सोसतो, म्हणून बागेकडे बघून फसायला होतं. परसातली मिरची बघा. पानांच्या कडा करपायला लागल्या की मीटरने पुन्हा मोजा.

आणि एक. उकळून खारेपणा जात नाही. पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं, त्यामुळे उलट वाढतो. तुरटीनेही जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. समुद्राचं पाणी दीड टक्का मिसळलं की ती ओलांडली जाते. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर असं पाणी पिण्यासाठी वापरू नका.

अमावास्या-पौर्णिमेला खारं

कालनिर्णयातले आकडे तिथीप्रमाणे वरखाली होताहेत, म्हणजे अमावास्येच्या मागेपुढे टीडीएस चढतो आणि अष्टमीला उतरतो, तर विहीर समुद्रकाठी असायलाच हवी असं नाही. मांडवी-जुवारी नद्यांत भरतीचा जोर समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. खारटपणा तितका आत जात नाही. पण नदीला वरून येणारं पाणी फेब्रुवारीनंतर कमी होत जातं, तसतशी खाऱ्या पाण्याची हद्द आत सरकते. चोडण, दिवाडी किंवा कुंभारजुवे कालव्याच्या काठच्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

एक बारकावा ध्यानात ठेवा. भरतीबरोबर विहिरीची नुसती पातळी हलत असेल आणि टीडीएस तसाच असेल, तर घाबरू नका. तो भरतीचा दाब आहे, जमिनीतून पुढे पोहोचलेला. पाणी आत आलेलं नाही.

टीडीएस हलत असेल तर विहिरीकडे बघू नका, खाजनाकडे जा, म्हणजे नदीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीकडे. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला बांधावरून एक फेरी मारा. बांधाला खेकड्यांची बिळं पडतात, त्यातून पाणी पाझरतं आणि आतल्या बाजूला ओल धरलेली दिसते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदरवाजाची, दारं भरतीला आपोआप मिटली पाहिजेत आणि ओहोटीला उघडली पाहिजेत. मासे धरण्यासाठी भरतीला ती उघडी ठेवली, की खारं पाणी शेतात येतं आणि तिथून पाझरत विहिरीत. पूर्वी खाजनात पावसाळी भात उभं असायचं, चार महिने गोडं पाणी साचून राहायचं आणि त्याच्या वजनाने खारं पाणी लांब राहायचं. पडीक खाजनाच्या काठची विहीर खारी झाली तर ती विहिरीत काहीही घालून सुधारत नाही. हे काम एका घराचं नाही, शेतकरी संघाच्या आणि पंचायतीच्या बैठकीतलं आहे, आणि तिथे तुमचे तिथीवार आकडे ‘हल्ली पाणी खारं लागतं’ या वाक्यापेक्षा जास्त काम करतील.

फेब्रुवारीतच तळ दिसतो

बार्देशातल्या, फोंड्यातल्या, तिसवाडीतल्या सड्याच्या उतारावरच्या विहिरींची ही रड. पाणी गोड, टीडीएस साठ-सत्तर, पण मार्चात बादली खरवडते.

पहिला प्रश्न: आटली ती तुमचीच, की आजूबाजूच्या सगळ्यांची? शेजारच्या दोन-तीन विहिरींची पातळी त्याच दिवशी मोजा. सगळ्यांची सारखी उतरली असेल तर कारण सड्यावर आहे. एकट्या तुमची उतरली असेल तर गाळ बघा. वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीत मीटर-दीड मीटर गाळ सहज साठतो आणि नेमका तळाशी येणारा झरा बुजवतो. तुमची पातळी ठराविक वेळी धपकन उतरत असेल तर जवळपास कुणाची तरी बोअर चालू झालेली आहे. एका रात्री स्वतःचा पंप बंद ठेवून दर अर्ध्या तासाने मोजलं की ते कागदावर येतं.

गाळ काढणार असाल तर थोडं थांबा. विहिरीत माणूस उतरवण्याआधी दिवा सोडून बघायची जुनी रीत चांगलीच आहे. विझला तर प्राणवायू कमी. पण विहिरीत पेट्रोल किंवा डिझेलचा पंप उतरवून चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याने दिवा विझत नाही, माणूस मात्र पडतो. इंजीन कायम काठावर. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि काठावर दोन माणसं. पहिला पडला म्हणून दुसरा धावत उतरला, असं कधीच होऊ देऊ नका.

खोल करावी का? खोदताना जांभा संपून शेडी लागली की आवक वाढायची आशा सोडा. शेडी पाणी धरते, देत नाही. खोली वाढली तर फक्त साठा वाढतो: रात्रभर जे थेंब थेंब येतं ते मावायला जागा होते. काही घरांना तेवढंही पुरतं, हे खरं. पण शेडीच्या भिंती ढासळतात. काँक्रीटच्या रिंगा बसवल्याशिवाय तिथे एक हातही खाली जाऊ नये.

आता सड्याबद्दल, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. शोषखड्डे, पुनर्भरण, छपराचं पाणी विहिरीत, हे सगळं आपल्याकडे जून-जुलैत मोठ्या उत्साहाने होतं आणि बरंचसं वाया जातं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षात तीन लाख लिटर पाऊस पडतो, आकडा मोठा वाटतो. पण जुलै अर्धा संपेपर्यंत उतारावरच्या जांभ्यात पाणी गळ्यापर्यंत आलेलं असतं. भरलेल्या भांड्यात आणखी ओतलं तर ते सांडणारच. ते रात्रीतून झराने निघून जातं. दख्खनच्या कोरड्या पठारावरची पुनर्भरणाची युक्ती जशीच्या तशी इथे उचलून चालत नाही. गोव्यात पाणी आत घालण्यापेक्षा बाहेर जाताना अडवणं जास्त फळतं, आणि ते करायची वेळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या फळ्या पाऊस ओसरताच बसल्या पाहिजेत. डिसेंबरात बसवल्या तर दोन महिन्यांचं पाणी गेलेलं असतं. पायथ्याच्या मळ्यात वायंगणाचं (पावसाळ्यानंतरचं) भात असेल तर तिथे पाणी उभं राहतं आणि त्यावरच्या विहिरी उशिरापर्यंत टिकतात. सत्तरीत दरवर्षी दगड-मातीचे बांध घालून हेच केलं जायचं.

छपराचं पाणी फुकट घालवा असं मी म्हणत नाही. परतीच्या पावसाचं जरूर आत घाला, आणि वाळूच्या पट्ट्यात तर पूर्ण पावसाळाभर घाला, कारण तिथे ते सायीची जाडी वाढवतं. मात्र पहिल्या पावसाचं धुवण बाहेर सोडायचं आणि मध्ये वाळू-खडीची गाळणी हवीच.

सड्याचा माथा चिरेखाणीने खरवडला गेला असेल किंवा प्लॉट पाडून डांबर-काँक्रीटखाली गेला असेल, तर वर सांगितलेल्या गोष्टींनी फरक पडेल तो थोडाच. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तिथले लोहखनिजाचे खड्डे भूजलपातळीच्याही खाली गेलेले आहेत. खड्डा कोरडा ठेवायला पंप चालले की भोवतालच्या विहिरी उतरतात. पंप थांबले की खड्ड्याचं तळं होतं. २०१२ साली खाणकाम थांबलं आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणींचे भाडेपट्टे रद्द झाले, तेव्हा असे अनेक खड्डे भरून राहिले. तुमच्या विहिरीची पातळी खड्ड्यातल्या पंपांबरोबर हलते का, हे दाखवायला तारीखवार नोंदीसारखा पुरावा नाही, आणि तो आधीपासून ठेवलेला असला तरच उपयोगी. पंप सुरू झाल्यावर मोजायला बसलं तर ‘पूर्वी किती होतं’ याला उत्तर नसतं.

तांबडा थर, तेलासारखा तवंग

ताज्या उपसलेल्या पाण्याला रंग नसतो, तासाभराने बादलीत तांबूस होतं: लोह. जांभ्याच्या प्रदेशात लोह असणारच. खात्री करायची असेल तर त्या पाण्यात कोऱ्या चहाचे चार थेंब टाका. लोह भरपूर असेल तर पाणी काळपट-जांभळं पडतं. चहा काळा होतो म्हणून चहापत्ती बदलणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक हबकतात, पंपाचं तेल गळलं म्हणतात. काडीने तवंग मोडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. तेल असेल तर काडी काढताच पुन्हा एक होतं. हे जिवाणू सहसा विषारी नसतात, पण पाइपात तांबडा बुळबुळीत गाळ करून फूटव्हॉल्व्ह बंद पाडतात.

उपाय स्वस्त आहे. पाणी टाकीत धारेने न सोडता भोकांच्या पाइपातून शॉवरसारखं पाडा, म्हणजे हवा लागून लोह गंजरूपाने वेगळं होतं. रात्रभर निवू द्या आणि वाळूच्या थरातून गाळा. इथे एक अडचण येते: जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली, आणि अशा पाण्यात लोह फार हळू वेगळं होतं. गाळणीत चुनखडीचे खडे घातले की सामू वर येतो आणि काम होतं. याच आम्लामुळे पितळी नळाखाली हिरवट डाग पडतात आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून गंजतो. टीडीएस साठ असलेल्या अशा पाण्याला आरओ बसवणं हा निव्वळ दुकानदाराचा फायदा. त्याला कमी करायला तिथे क्षारच नाहीत, आणि एका ग्लासामागे दोन-तीन ग्लास पाणी मोरीत जातं ते वेगळंच.

जिवाणूंचा गाळ वारंवार होत असेल तर हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या भारी मात्रेने विहीर एकदा धुवावी लागते: चोवीस तास कुणीही पाणी वापरायचं नाही, मग वास जाईपर्यंत उपसायचं, आणि ते पाणी तळीत किंवा ओढ्यात सोडायचं नाही. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाची मात्रा याच्या साठावा हिस्सा आहे, हजार लिटरला अडीच ग्रॅम. दोन्हींत गल्लत करू नका.

पहिल्या पावसानंतर वास

पाऊस पडल्यावर काही तासांतच पाणी गढूळ झालं आणि वास आला, तर पाणी कठड्याजवळून वरूनच शिरतंय. कठडा उंच करा, भोवती काँक्रीटचा ओटा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला. दोन-चार दिवसांनी, पाणी नितळ असूनही वास आला तर सेप्टिक टाकी बघा. टाकी आणि विहीर यांत किमान १५ मीटर अंतर असावं म्हणतात. जांभ्यातल्या पोकळ्या लक्षात घेता मला ते कमीच वाटतं, त्यातून टाकी चढावर असेल तर फारच कमी. हायड्रोजन सल्फाइडची तपासणी-बाटली आणून पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळी पडली तर उकळल्याशिवाय घोटभरही नको, आणि प्रयोगशाळेत जंतुतपासणी करून घ्या.

जी विहीर वापरात नसते तिला हा त्रास जास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी बंद झालं आणि तिसवाडी-फोंड्यातले लोक नळ आल्यापासून झाकून ठेवलेल्या विहिरींकडे धावले. ऐन पावसाळा, विहिरी भरलेल्या, पण पाणी पिण्याजोगं आहे का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नळ असला तरी आठवड्यातून थोडं पाणी उपसत राहा.

तर मग बोअर कधी?

सड्याच्या उतारावर, गाळ काढून झालाय, रिंगा घालून झाल्यात, तरी एप्रिल-मे निघत नाही. खाली भेगाळलेला खडक आहे आणि खारं पाणी जवळपास नाही. अशा ठिकाणी बोअर मारायला माझी हरकत नाही. वाळूच्या पट्ट्यात आणि खाजनाच्या काठी माझं उत्तर ‘नको’ असंच राहील.

मारण्याआधी २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. अर्ज जलस्रोत खात्याकडे. ‘‘परवानगी नंतर बघू’’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला गेटातूनच परत पाठवा.

आणि केसिंगवर, म्हणजे बोअरच्या भोकात बसवायच्या पाइपवर, स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. केसिंग पाइप जांभा आणि शेडी पूर्ण ओलांडून कठीण खडकात बसला पाहिजे आणि बाहेरची फट सिमेंटने बंद झाली पाहिजे. पैसे वाचवायला तो मध्येच थांबवला तर जांभ्यातलं पाणी त्या भोकाने खाली उतरतं आणि तुमचीच विहीर, मागोमाग शेजाऱ्याची, जानेवारीतच कोरडी पडते. खोदताना दर तीन मीटरवर निघालेल्या मातीची मूठ-मूठ कागदावर ओळीने मांडून ठेवायला सांगा. तांबडी संपून पांढरी-गुलाबी चिकट कुठे लागली, आणि करड्या खडकाची पूड कुठून सुरू झाली, ते डोळ्यांना दिसतं. केसिंग त्या करड्या पुडीच्याही थोडं खाली गेलं का ते मोजा आणि खोलीचा आकडा बिलावर लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.